रंग पाहून साप

साप निवडायचा असतो, ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली. आपल्याकडे साप निघतो. गवतात निघतो, न्हाणीत निघतो, लाकडांच्या ढिगात निघतो. नागपंचमीला आपण तो पाटावर काढतो, लाह्या-दूध ठेवतो, त्या दिवशी चिरणे-तळणे बंद ठेवतो, आणि मनातून म्हणतो की बाबा, पाटावर आहेस तिथेच राहा! तो कोणी बाजारात जाऊन, रंग बघून, "हा नको, त्यापेक्षा तो बरा" असे करून पैसे मोजून घरी आणतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

पण २०२४च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे होते, अमेरिकेत सॅन डिएगोला, आणि बारा वर्षांच्या नातीला साप हवा होता. साधासुधा नव्हे, किंगस्नेक. लेक म्हणाली, "आई, तू जरा समजाव." जावई म्हणाले, "आईंनाच घेऊन जाऊ बघायला." नात म्हणाली, "आजी, तू आधी वाच, मग बोल." हे वाक्य मी शाळेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांना ऐकवले होते. मुकाट्याने वाचायला बसले.

वाचकहो, किंगस्नेक बिनविषारी आहे. हा इतर साप खातो म्हणून राजा! तिकडचा विषारी रॅटलस्नेक म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा साप. त्याच्या विषाचा किंगस्नेकवर फारसा परिणाम होत नाही. हा त्याला विळखा घालून मारतो आणि गिळतो. म्हणून दोन किंगस्नेक एका पेटीत ठेवत नाहीत, सकाळी एकच उरण्याची भीती! कॅलिफोर्नियातला हा साप तीन-चार फुटांचा होतो. माणसाळतो म्हणण्यापेक्षा हाताळायला सरावतो. आणि पंधरा-वीस वर्षे जगतो. हा शेवटचा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

मग आम्ही गेलो. एका मोठ्या सभागृहात ओळीने टेबले मांडलेली आणि टेबलांवर पारदर्शक डब्या. आपल्याकडे बांगड्यांचे दुकान असावे तसे, फक्त प्रत्येक डबीत वितीएवढे पिल्लू. रानातून धरलेले नव्हे, पैदास करून वाढवलेले. रंग तरी किती! वाळवंटाकडचा काळाभोर, त्यावर चुनकळीसारखी पांढरी कडी. किनाऱ्याकडचा तपकिरी, कडी सायीच्या रंगाची. कुणाला आडवी कडी नाहीतच, मानेपासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. कुणाची रेघ मध्येच तुटून ठिपके झालेली. एक पिवळाजर्द, त्याचे नाव 'बनाना'. एक पांढरा-गुलाबी, लाल डोळ्यांचा. एक फिकट जांभळा, त्याला 'लॅव्हेंडर' म्हणतात. शेजारच्या टेबलावर मेक्सिकोकडचा संपूर्ण काळा, ओल्या शाळिग्रामासारखा चकचकीत. रंग जितका दुर्मिळ तितकी किंमत चढत जाते.

नात जांभळ्यापाशी खिळली.

मला मात्र उभ्या रेघेचे नवल वाटत होते, कारण त्याची गोष्ट मी आदल्याच रात्री वाचली होती. कडीवाला आणि रेघवाला हे दोन निरनिराळे साप आहेत असे पूर्वी शास्त्रज्ञही मानत. दोघांना नावेही वेगळी होती. मग सॅन डिएगोतच लॉरेन्स क्लाउबर नावाचा गृहस्थ निघाला. हा वीज कंपनीत अभियंता, पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि फावल्या वेळात साप अभ्यासायचा. फावल्या वेळात म्हणजे किती, तर १९५६ साली त्याचा रॅटलस्नेकवरचा ग्रंथ दोन खंडांत निघाला! त्याने दाखवून दिले की एकाच मादीच्या अंड्यांतून कडीवाली पिल्लेही निघतात आणि रेघवालीही. म्हणजे सख्खी भावंडे. १९३६ साली त्याने हे छापले आणि दोन जातींची एक जात झाली.

पांढऱ्या सापाचेही तसेच. आईबाप दोघेही दिसायला नेहमीसारखे, पण दोघांच्या अंगात तो गुण लपलेला असेल तर सरासरी चार पिल्लांत एक पांढरे निघते. आपल्याकडे नाही का, घरात सगळ्यांचे डोळे काळे आणि मध्येच एखादे पोर घाऱ्या डोळ्यांचे निघाले की म्हातारी माणसे पणजीचे नाव काढतात! पैदास करणारे अशी जोडी मुद्दाम जुळवतात. नवा रंग काढणे हाच त्यांचा नाद आणि धंदा.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत पुढे सरकताना मला एकदम वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती आठवल्या. रंग, लांबी, जन्ममहिना, आईवडील कोणत्या घराण्यातले... सगळे होते. स्वभाव कुठेच नव्हता. माझी धाकटी बहीण सावळी. गणितात पहिली, हाताला चव, बोलणे असे की रडणारे माणूस हसावे. सात वेळा पोहे झाले आणि सात वेळा "कळवतो" म्हणून गेले. आठव्या वेळी ज्यांनी होकार दिला, त्यांनी तिला आधी विचारले होते, "तुम्हांला काय करायला आवडते?" सापाच्या टेबलापाशी हे आठवावे हे विचित्रच. पण आठवले खरे.

तेव्हा मी नातीला म्हटले, "रंग ठरव हवा तो. पण त्यांना आधी विचार, हा जेवतो का?"

विक्रेता भला माणूस होता. त्याचा चेहरा उजळलाच. म्हणाला, हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारावा. त्याने जे सांगितले ते सापाची हौस नसलेल्यांनीही ऐकण्यासारखे आहे. पिल्लाने किमान चार-पाच वेळा तरी आपणहून खाल्लेले असावे, तेही फ्रीजरमधले, वितळवून कोमट केलेले उंदराचे पिल्लू. डोळे स्वच्छ हवेत. दुधी दिसले तर कात टाकायला आले असेल, थोडे थांबावे. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचा तुकडा अडकलेला नसावा. श्वास घेताना आवाज नको, तोंडाशी फेस नको. हातात घेतल्यावर लुळे पडू नये. घट्ट धरून ठेवील, जीभ बाहेर काढून वास घेईल ते चांगले. घाबरून दुर्गंधी सोडली तर रागावू नये, पिल्लेच ती! पेटीला एका बाजूला ऊब, दुसरीकडे गारवा, दोन्हीकडे लपायला जागा, पाणी. आणि झाकणाला कडी. हा साप फट शोधण्यात पटाईत आहे.

झाकणाच्या कडीवर तो जरा जास्तच बोलला. कारण मी वाचलेच होते. अटलांटिक महासागरात स्पेनचे ग्रॅन कॅनेरिया नावाचे बेट आहे. तिथे मुळात एकही साप नव्हता. कोणाच्या तरी घरचे किंगस्नेक सुटले किंवा सोडले गेले. १९९८ साली ते पहिल्यांदा रानात आढळले. रानातले नव्हेत हे ओळखणे अवघड नव्हते, कारण त्यांत पांढरे होते, उभ्या रेघांचे होते. कोणीतरी हौसेने पसंत केलेले रंग! एरवी पांढरा साप रानात चटकन कोणाच्या तरी तोंडी पडायचा. पण तिथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही, आणि तो बराच वेळ जमिनीखाली असतो. त्या बेटावर हातभर लांबीचा एक सरडा आहे, जगात इतरत्र मुळात नसलेला. त्याला साप म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जिथे साप पोचला तिथे हा सरडा ९० टक्क्यांहून अधिक घटला. माणसे अजून साप पकडत फिरताहेत. यात सापाचा काय दोष? तो सापासारखा वागला.

हे मी नातीला घरी येताना नव्हे, तिथेच, जांभळ्या डबीसमोर सांगितले. भीती घालायला नव्हे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे साधी धामण पाळणेसुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरात येत नाही. तिकडे येतो, आणि पोरीला उत्तर तिचे तिनेच द्यायचे होते. बारा अधिक वीस, बत्तीस. मधे कॉलेज आहे, नोकरी आहे, परगावी जाणे आहे. रंगाचे कौतुक कितव्या वर्षी संपते ते कोणी सांगावे? उंदीर मात्र दर आठवड्याला वितळवावाच लागतो.

जांभळ्याने दोनदाच खाल्ले होते, तेही मनधरणी करून. तपकिरी रेघवाल्याने आठ वेळा. नात बराच वेळ दोन्ही डब्या हातांत धरून उभी होती. माझ्याकडे पाहत होती, पण मी काही बोलले नाही. शेवटी तिने जांभळी डबी हळूच जागेवर ठेवली. डोळ्यांत पाणी होते. ते मला खोटे वाटले नाही आणि वेडेपणाचेही वाटले नाही. सुंदर गोष्ट सोडताना वाईट वाटायचेच.

रेघवाला आता दोन फुटांच्या पुढे गेला आहे. व्हिडिओ कॉलवर मला दाखवला जातो. जेवतो उत्तम. लेकीच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी त्याचा डबा असतो, वर मोठ्या अक्षरांत 'हे आपले नाही'.

फ्रीजच्या दारावर एक कागदही आहे, तो लेकीने करवून घेतला. नियम तीन : झाकणाची कडी रोज रात्री तपासणे, रानात कधीही न सोडणे, आणि आपल्याला जमेनासे झाले तर कोण सांभाळणार त्याची नावे. पहिले नाव जावयांचे. दुसरे माझे आहे! मी साताऱ्याला राहते, वीस वर्षांनी चौऱ्याण्णवची असेन, हे तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, "मग काय झाले?"

असो. सहीची जागा अजून रिकामी आहे. येत्या मे महिन्यात जाणार आहे, तेव्हा बघू.