तळावरचा शिक्का

जुन्या कपबशा जमवणारा माणूस बाजारात लगेच ओळखू येतो. बशी हातात आली की तो नक्षी नंतर बघतो, आधी ती उलटी करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत मटन स्ट्रीटवर मीही वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. तळावर मुकुट, सिंह, नांगर असा काहीतरी शिक्का असतो आणि विक्रेत्याचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, राणीच्या काळातली आहे."

कुठल्या राणीच्या, हे मला कळायला लागलं ते जेफ्री गॉडन यांच्या ब्रिटिश चिनी मातीच्या खुणांच्या कोशामुळे. 1964 साली निघालेला हा जाडजूड ग्रंथ मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. त्यात कारखानदारांची नावं, त्यांच्या खुणा आणि त्या वापरल्याची वर्षं ओळीने दिली आहेत. पण बाजारात कोश घेऊन फिरता येत नाही. त्यातले चार नियम तेवढे मी पाठ केले.

शिक्क्यात 'इंग्लंड' असेल तर वस्तू बहुधा 1891 नंतरची. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने 1890 साली केला आणि तिकडे माल पाठवणारे कारखाने ते छापू लागले. 'मेड इन इंग्लंड' किंवा 'बोन चायना' असेल तर विसावं शतक. 'ट्रेड मार्क' हे शब्द 1862 च्या आधी सापडत नाहीत. एकदा दुकानदाराने व्हिक्टोरियाच्या काळातला म्हणून पुढे केलेल्या टी-सेटवर 'बोन चायना, मेड इन इंग्लंड' असं ठसठशीत छापलेलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "मग एलिझाबेथची समजा." किंमत मात्र उतरली.

सगळ्यांत मजा येते ती चौकटच्या आकाराची खूण दिसली की. 1842 ते 1883 या काळात इंग्लंडमध्ये नक्षीची सरकारी नोंदणी झाली की ही खूण मिळे. वरच्या टोकाला रोमन चार म्हणजे भाजलेल्या मातीची वस्तू. 1867 पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, पुढे ते उजवीकडे गेलं. 'एक्स' वर असेल तर 1842, उजवीकडे असेल तर 1868. अक्षर तेच, जागा बदलली की सव्वीस वर्षांचा फरक! मात्र हे साल नक्षी नोंदवल्याचं आहे. तीच नक्षी कारखाना पुढेही छापत राहू शकतो. म्हणजे बशी त्या सालाआधीची नाही, एवढंच त्यावरून ठरतं. 1884 पासून चौकट गेली आणि साधे नोंदणी क्रमांक आले.

गॉडनचा कोश ब्रिटनपुरता आहे. जपानी मालाला दुसरा हिशेब लागतो: 'निप्पॉन' लिहिलेला माल साधारण 1891 ते 1921 मधला, त्यानंतर 'जपान'. चिनी भांड्यांपुढे तर नुसत्या खुणांचं पुस्तक थिटंच पडतं. खांगशी बादशहाच्या काळातल्या (1662 ते 1722) कारागिरांनी आपल्या भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा बादशहाचं नाव घातलं. त्यात पूर्वसूरींबद्दल आदर होता. पुढे एकोणिसाव्या शतकात खांगशीचंच नाव नव्या भांड्यांवर आलं. तिथे शिक्का वाचता येऊनही काळ हाती लागत नाही.

म्हणून आता मी शिक्का शेवटी बघते. आधी बशी उजेडासमोर धरते. पोर्सिलेन असेल तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते, जाड मातीची असेल तर नाही. बोटाने हलकेच टिचकी मारते. अख्ख्या भांड्याचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. छापाच्या नक्षीत कागदाचे तुकडे जुळवलेला सांधा शोधते. तळाच्या कडेवर वापराचे ओरखडे आडवेतिडवे हवेत. सगळे एकाच दिशेने असतील तर ते कोणीतरी पॉलिश कागदाने घासून केलेले असू शकतात. हे सगळं जुळलं तर मगच शिक्क्यावर विश्वास.

नव्याने जमवायला लागणाऱ्यांनी खुणांचं एक पुस्तक जरूर घ्यावं, जुनी आवृत्ती असली तरी चालेल. परदेशी लिलावांच्या भावांची पुस्तकं मात्र घेऊ नयेत. ते भाव लवकर शिळे होतात आणि आपल्या बाजारात तसेही लागू पडत नाहीत.