त्याचं काय आहे...

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका सीनिअरने भर मीटिंगमध्ये माझं वाक्य अडवलं. मी म्हणत होते, ‘द रीझन इज बिकॉज...’ तो म्हणाला, ‘रीझन इज दॅट. बिकॉज नाही. रीझनमध्येच बिकॉज आलं ना!’ कुणी हसलं नाही. पण मला पुढचं काय सांगायचं होतं ते मी विसरले, आणि ते आजही आठवत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इंग्रजी वाचायची सवय झाली, बोलायची झाली नाही. त्या मीटिंगनंतर मी स्टँडअपच्या आधी सगळी वाक्यं नोटपॅडवर लिहून ठेवायला लागले. जेवढे शब्द कमी तेवढ्या चुका कमी, हा साधा हिशोब. ‘द प्रॉब्लेम इज दॅट द सर्व्हर इज डाऊन’ यातला अर्धा भाग कशाला हवा? ‘सर्व्हर इज डाऊन.’ संपलं. वर्षभरात रिव्ह्यूमध्ये शेरा मिळाला की माझं कम्युनिकेशन ‘क्रिस्प’ आहे. मला तो पदकासारखा वाटला.

मग आमच्या प्रोजेक्टवर क्लायंटकडून एक अमेरिकन लीड आली. अनुभवी, शांत, कामात पक्की. पहिल्याच कॉलवर ती म्हणाली, ‘द थिंग इज, इज दॅट वी डोन्ट हॅव द डेटा.’ मला वाटलं नेट अडकलं. पण थोड्या वेळाने पुन्हा, ‘द प्रॉब्लेम इज, इज दॅट...’ दोन ‘इज’! त्या चाळीस मिनिटांत मी वहीच्या कडेला रेघा मारत बसले. अकरा झाल्या. मला एका ‘बिकॉज’साठी अडवलं होतं आणि इथे जिची ती मातृभाषा आहे तीच बाई अकरा वेळा चुकत होती. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं पुरवून खायचं म्हणून रात्री शोधायला बसले, आणि तिथे माझा पचका झाला. ही काही तिची एकटीची चूक नव्हती. ड्वाइट बोलिंजर या भाषाशास्त्रज्ञाने १९८७ साली या दुहेरी ‘इज’वर लेख लिहिला होता. आर्नल्ड झ्विकी यांनी त्याला ‘आयसिस’ असं नाव दिलंय: ‘इज’ आणि ‘इज’ जोडून. बराक ओबामांच्या बोलण्यातही तो सापडतो. आणि शिकलेली माणसंसुद्धा असं का बोलतात, याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मजेदार निघालं.

आधी साधी रचना बघू. ‘द होप इज दॅट इट विल रेन.’ इथे ‘दॅट’नंतरचं अख्खं वाक्य म्हणजे त्या आशेच्या आत काय आहे ते. असं प्रत्येक नामाचं करता येत नाही. ‘द टेबल इज दॅट...’ म्हणून बघा, पुढे जाताच येणार नाही. ज्यांच्या आत एखादं विधान मावतं अशीच नामं इथे चालतात: फॅक्ट, प्रॉब्लेम, ट्रुथ, आयडिया, रीझन. हान्स-यॉर्ग श्मिड या जर्मन अभ्यासकाने २००० साली अशा नामांवर एक पुस्तकच लिहिलं. त्यांना तो ‘शेल’ म्हणतो. शेंगेचं टरफल म्हणा. दाणा पुढच्या वाक्यात असतो, पण तो कसा घ्यायचा ते टरफल आधी सांगतं. ‘ती येत नाहीये’ एवढीच बातमी असते. तिच्या आधी प्रॉब्लेम लावा, ट्रुथ लावा, नाहीतर गुड न्यूज लावा. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा वेगळा होतो.

यातलं ‘थिंग’ हे सगळ्यात पोकळ टरफल. त्याला स्वतःचा काहीच रंग नाही. म्हणून ‘द थिंग इज’ हे तीन शब्द घासून घासून एकच शब्द झाल्यासारखे झालेत. बोलणारा ते एका दमात म्हणतो, थांबतो, आणि मग मुख्य गोष्टीकडे वळतो. पण पहिलं ‘इज’ त्या तुकड्यात चिकटून मागेच राहिलेलं असतं. मग पुढच्या भागाला स्वतःचं क्रियापद हवंसं वाटतं, आणि दुसरं ‘इज’ येतं. २००५ साली ब्रेनियर आणि मिखाएलिस या दोघांनी बोलण्यातली लय आणि वाक्याची रचना यांचा मेळ लावून असंच काहीसं स्पष्टीकरण दिलं. शिवाय ‘व्हॉट द प्रॉब्लेम इज, इज दॅट...’ या वाक्यात दोन ‘इज’ व्याकरणानेच लागतात. तिथली लय कानात बसलेली असते, ती इकडेही उतरत असावी.

म्हणजे ती लीड चुकत नव्हती. ती थांबत होती. काहीतरी अवघड सांगण्याआधी श्वास घेत होती, आणि भाषेने त्या श्वासाला जागा करून दिली होती.

हे वाचताना मला बाबा आठवले.

आमचं गावात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बाबांना काही सांगायचं असलं की त्यांची सुरुवात ठरलेली: ‘त्याचं काय आहे...’ कुणी उधार मागितलं की, ‘त्याचं काय आहे, मागची वही अजून मिटली नाही.’ माझ्या सहलीचे पैसे नव्हते तेव्हाही, ‘त्याचं काय आहे, बाळा.’ कुणाचं काय? ‘त्याचं’ म्हणजे नक्की कशाचं, ते आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. मराठीतलं हे ‘द थिंग इज’. जरा नीट बोलायचं असेल तर आपण ‘गोष्ट अशी आहे की’ म्हणतो. यातलं ‘अशी’ पुढच्या वाक्याकडे बोट दाखवतं. गंमत म्हणजे इंग्रजीतलं ‘दॅट’सुद्धा मुळात बोट दाखवणारा शब्द, आपल्या ‘ते’सारखा. ‘गोष्ट ती आहे, बघ,’ असं म्हणून पुढे सांगायचं. ते बोट झिजत झिजत नुसता सांधा झालं. आपण मराठीत बोटही ठेवलं आणि ‘की’चा सांधाही ठेवला.

तर, मी ‘क्रिस्प’ झाले होते त्या काळात एकदा बाबांचा फोन आला. मी कॉलच्या मध्ये होते. ते म्हणाले, ‘त्याचं काय आहे...’ आणि थांबले. मी म्हटलं, ‘बाबा, मुद्द्याचं बोला ना, मीटिंग आहे.’ ते म्हणाले, ‘काही नाही, नंतर बोलू.’ चार दिवसांनी आईकडून कळलं की दुकान बंद करायचं ठरलंय. पस्तीस वर्षांचं दुकान. ते मला सांगायला त्यांना तीन शब्दांचा उंबरठा लागत होता, आणि मी तोच ओलांडू दिला नाही.

दुसरा धडा ऑफिसातच मिळाला. एका शुक्रवारी मी डेटाबेसवर एक स्क्रिप्ट चालवली आणि काही हजार ग्राहकांचे पत्ते चुकीच्या पत्त्यांनी झाकले गेले. मी बॅकअप घेतला नव्हता. ग्रुपवर मेसेज टाकला: ‘द इश्यू इज दॅट सम रेकॉर्ड्स वेअर ओव्हररिटन.’ टरफलाचा हाही एक उपयोग असतो. इश्यू म्हटलं की जणू ते आभाळातून पडलं, कुणी केलं ते सांगायला नको. व्याकरणात एकही चूक नसलेलं ते वाक्य मी लिहिलेल्या सगळ्या वाक्यांत जास्तीत जास्त अप्रामाणिक असेल.

कॉलवर त्या लीडने शांतपणे विचारलं, स्क्रिप्ट कुणी चालवली? नोटपॅडवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘द थिंग इज...’ आणि थांबले. कुणी मध्ये बोललं नाही. तिने तर मुळीच नाही. मग मी म्हटलं, ‘...इज दॅट आय रॅन इट. विदाउट अ बॅकअप.’

सर्व्हरवर आदल्या रात्रीची एक प्रत निघाली. पत्ते परत आणायला आम्हाला रविवार उजाडला. नंतर रिपोर्टसाठी त्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लक्षात आलं, माझ्या वाक्यात दोन ‘इज’ होते. मधल्या विरामाचे सेकंद मोजले. चार. इतक्या वेळात मी एरवी अख्खं स्टँडअप उरकलं असतं.

आता मी ‘द प्रॉब्लेम इज दॅट’ पुन्हा म्हणते. कोणतं टरफल लावतेय याकडे मात्र लक्ष ठेवते. ‘द रीझन इज बिकॉज’ही अधूनमधून तोंडातून जातं. इंग्रज लोक ते शतकानुशतकं म्हणत आलेत, मलाही एखाददा चालावं.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. ‘त्याचं काय आहे...’ ते म्हणाले. मी लॅपटॉप बंद केला, टीव्हीचा आवाज कमी केला, खुर्चीत नीट बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही नाही. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

‘त्या मोबाईलच्या पैशांच्या ॲपचा पिन मी परत विसरलो,’ बाबा म्हणाले.