गुगलवर पहिला नंबर आणि तुमची शुगर



मला अधूनमधून एक फोन येतो. "सर, तुमची वेबसाइट तीस दिवसांत गुगलवर एक नंबरला आणून देतो." कसे, हे विचारले की यादी मिळते: पैसे देऊन फाइव्ह स्टार रिव्ह्यू, शेकडो फालतू साइटवरून विकतच्या लिंक, आणि लेखाचे शीर्षक 'मधुमेह कायमचा बरा करा'. मी नको म्हणतो. यात माझ्यापेक्षा तुमचा संबंध जास्त आहे, म्हणून कारण सांगतो.

वेबसाइट शोधात वर दिसावी म्हणून जे करतात त्याला एसईओ म्हणतात. त्यात मुळात गैर काही नाही. लोक 'हायपरग्लायसेमिया' शोधत नाहीत, 'शुगर वाढली तर काय करावे' असे शोधतात. मग लेख त्याच शब्दांत लिहायचा, डॉक्टरचे नाव, पदवी आणि तारीख द्यायची, माहिती जुनी झाली की बदलायची. हा सरळ रस्ता. वेळ लागतो, पण टिकतो.

आडवाट फार दिवस चालत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल केला आणि विकतच्या लिंकवर वर आलेल्या साइट खाली गेल्या. ऑगस्ट २०१८ च्या बदलात आरोग्याच्या अनेक साइटना फटका बसला. शिवाय कायदा आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांतही जाहिरातबाजी करून रुग्ण ओढणे बसत नाही.

पण कायद्यापेक्षा मला काळजी वेगळी आहे. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. तिथे रात्री दवाखाना जवळ नसतो, हातात फोन असतो. 'कायमचा बरा' वाचून टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन बंद केले, तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप, मग बेशुद्धी. जीव जाऊ शकतो. खरी माहिती इतकी आकर्षक नसते: टाइप २ च्या काही रुग्णांत वजन उतरल्यावर साखर गोळ्यांशिवाय काबूत राहते, पण तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. अशा वाक्यावर क्लिक कमी पडतात.

म्हणून आरोग्याचे काही वाचताना एवढे बघा:

१. वर 'प्रायोजित' लिहिले आहे का? मग ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे.
२. लिहिणाऱ्याचे नाव, पदवी आणि तारीख आहे का?
३. 'शंभर टक्के', 'मुळापासून', 'गॅरंटी' असे शब्द आहेत का?
४. लेखाखाली तीच बाटली किंवा पावडर विकायला आहे का?
५. सगळे रिव्ह्यू एकाच आठवड्यातले आणि एकाच साच्यातले आहेत का?

गुगलचा क्रमांक ही वैद्यकीय पदवी नाही. माझा हा लेख दहाव्या पानावर दिसला तरी चालेल. वाचलेले पटले, तर फोन घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि दाखवा. गावाबाहेर असाल तर त्यांना फोन करा. विचारल्याशिवाय गोळी किंवा इन्सुलिन मात्र बंद करू नका.