सिपनाकाठचा मुक्काम

अकोट

चि. सुमेध यास,


पुण्याची मित्रमंडळी घेऊन सिपनाच्या काठी तंबू ठोकायचा बेत तू कळवलास. बेत झकास आहे, फक्त तंबू घरीच ठेवा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात नदीकाठी रात्री कुणालाच उतरू देत नाहीत. का, ते नदी पाहिली की कळतं.

सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टचा. पावसाचं पाणी या खडकात फारसं मुरत नाही, उतारावरून धावत सुटतं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या मेळघाटच्या पाचही नद्या तापीला मिळतात. होळी सरली की मात्र त्यांची धार बारीक होत जाते आणि मागे उरतात ते डोह. गवा, सांबर, अस्वल, बिबट, वाघ, सगळ्यांचं पाणी तेच. अशा काठावर माणसं शेकोटी करून गप्पा हाणत बसली, तर तहानलेलं जनावर झाडीतूनच माघारी वळतं.

म्हणून येणारा पाहुणा राहतो तो सेमाडोहला नाहीतर कोलकासला. अमरावतीहून परतवाडा, मग घटांगवरून धारणीचा वळणावळणाचा रस्ता. सेमाडोहच्या संकुलात वनखात्याच्या कुट्या आहेत, डॉर्मिटरी आहे, जंगलाची ओळख करून देणारं केंद्र आहे. कोलकासचं विश्रामगृह आणखी पुढे, सिपनाच्या वळणावर उंचावर. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलं की खाली डोह दिसतो. मोबाइलची रेंज येते-जाते, जेवण साधं असतं आणि हिवाळ्यात थंडी हाडात शिरते. गरम पाण्याचा नळ शोधत फिरणाऱ्यांनी चिखलदऱ्याचं हॉटेल गाठलेलं बरं.

तिथल्या शांततेचं पाहुण्यांना फार कौतुक. पण ती आपोआप आलेली नाही.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. या सागाच्या डोंगरांवर सरकारची नजर गेली ती त्याच काळात. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारा कोरकू आदिवासी लाकूडतोडीवरचा मजूर झाला. पुढे वारं फिरलं. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला आणि तोडायचा साग राखायचा ठरला. मग गावं हलू लागली. बोरी, कोहा, कुंड ही आधी उठली, नंतर आणखी. त्यांतली बरीचशी इकडे अकोट तालुक्यात सपाटीवर वसवली. इथे जमीन नाही, काम नाही, असं म्हणत काही कुटुंबं पुन्हा जंगलात परतली आणि 2019 च्या जानेवारीत वनकर्मचारी-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. अकोटच्या बाजारात ही माणसं रोज दिसतात. कोलकासच्या व्हरांड्यातून ती दिसत नाहीत.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. रानपिंगळा हे घुबड असूनही दिवसाढवळ्या वावरणारं पाखरू. 1884 नंतर 113 वर्षं तो कुणालाच सापडला नव्हता, जाणकारांनी तो संपला असंच धरलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो शहाद्याजवळ दिसला. त्यानंतर शोध घेणाऱ्यांना तो मेळघाटात चांगल्या संख्येने आढळला. सागाच्या जुन्या झाडांतल्या ढोल्या शाबूत होत्या, म्हणून त्याला घर उरलं होतं.

मंडळींपैकी कुणाला इतिहासाची भूक असेल, तर एक दिवस अकोल्याच्या बाजूने नरनाळ्याला द्यावा. बहमनी काळात बांधकामं झालेला हा किल्ला आता अभयारण्यात आहे. त्याचा महाकाली दरवाजा 1487 चा, बहमनी सरदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कच्या वेळचा. कोरीव जाळ्या, सज्जे आणि शिलालेख पाहत तासभर सहज जातो. वर सक्कर तलाव आहे. मुक्काम पायथ्याच्या शहानूरला करावा. चढाई सकाळीच उरकावी, उन्हात तो गड घाम काढतो.

आणि उघड्यावरच रात्र काढायची हौस असेल, तर बुद्धपौर्णिमा गाठा. वनखातं त्या रात्री नावनोंदणी करून माणसांना पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसवतं. दुपारी चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. अत्तर नाही, बोलणं नाही, जे जनावर येईल ते कागदावर नोंदवायचं. तुझ्या मित्रांपैकी किती जण रात्रभर गप्प बसतील, ते आधी तपासून घे.

पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते, तेव्हा जून उजाडायच्या आत या. होळीच्या दिवसांत निघालात, तर धारणीच्या रस्त्यावर कोरकू बाया-पोरं गाणी म्हणत गाडी अडवून फगवा मागतील. खिशात सुट्टे पैसे ठेवा, ऑनलाइन पैसे तिथे चालायचे नाहीत.

तुझा,
मामा