पवई की रुडकी?

किल्लारीजवळच्या आमच्या गावी वडील गवंडीकाम करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यांतल्या काही वडिलांनीच रचलेल्या. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. पुढे आम्हां जुळ्या भावांना त्यांनी या वसतिगृहात धाडले.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीनंतर प्रश्न आला : पदव्युत्तर शिक्षणासाठी पवई की रुडकी? पवई जवळची, लौकिकही मोठा. आप्तेष्टांचा आग्रह तिकडेच. रुडकीस मात्र १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र शिक्षण होते. आम्ही रुडकीस गेलो. (थंडीने हाल झाले, हे खरे.)

पहिल्याच सुट्टीत, भिंतीचे आतले-बाहेरचे थर जोडणाऱ्या आरपार दगडांची आकृती वडिलांपुढे ठेवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “एवढंच राहिलं होतं?”