लाथांचे उच्च शिक्षण

त्रेपन्नाव्या वर्षी माणसानं काय करावं याबद्दल आपल्या समाजाच्या कल्पना अगदी स्वच्छ आहेत. सकाळी फिरायला जावं, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून पाण्याच्या टँकरवर बोलावं आणि अधूनमधून साखर तपासून घ्यावी. यातली तिसरी गोष्ट करायला गेलो आणि पहिल्या दोन सुटल्या. डॉक्टर म्हणाले, "घाम येईल असं काहीतरी करा." मी म्हटलं, "भूमकर चौकातून रोज स्कूटर काढतो की!" ते हसले नाहीत. तेही त्याच चौकातून येत असावेत.

आमच्या ताथवड्यात कॉलेजं आली तशा मेस आल्या, झेरॉक्सची दुकानं आली, हॉस्टेलं आली आणि व्यायामशाळा आल्या. त्यातल्याच एका इमारतीत, खाली मिसळ आणि वर मारामारी, अशा ठिकाणी मी किकबॉक्सिंगला नाव घातलं. आमचे गुरुजी चोवीस वर्षांचे. मला ते आदरानं काका म्हणतात आणि त्याच आदरानं ओरडतात, "काका, गार्ड वर!" आठ महिन्यांतली माझी प्रगती सांगायची तर, पूर्वी ठोसा मारताना दोन्ही डोळे मिटायचे, आता एकच मिटतो.

खरं सांगायचं तर साखरेचं निमित्त होतं. सत्तावीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. हातात गेज घेऊन लोकांचं काम नापास करणं हा माझा धंदा. मग व्ही.आर.एस. घेतली आणि दिवसाला चाळीस वेळा वाजणारा फोन एकदम गप्प झाला. इतका, की तो बिघडला की काय म्हणून मी दुकानात दाखवून आलो. आता रोज संध्याकाळी एक पोरगा मला नापास करतो, आणि मला रात्री झोप लागते. कधी एखादी लाथ पॅडवर अशी काही बसते की 'ठप्प' असा भरीव आवाज येतो. त्या एका आवाजासाठी मी पुढचे तीन दिवस जिने एकेक पायरी करत उतरतो.

तर या 'ठप्प'च्या नादात मी ठरवलं की महिनाभर परदेशी शिबिराला जायचं. घरात जाहीर केलं तेव्हा ही कांदा चिरत होती. म्हणाली, "सत्तावीस वर्षांत मला महाबळेश्वरच्या पुढे नेलं नाहीत. आता परदेशात जाणार ते मार खायला? तो इथं मिळत नाही का?"

मी जुन्या सवयीनं व्हेंडर सिलेक्शनचा तक्ता काढला. उभे रकाने, आडवे रकाने, प्रत्येकाला गुण.

पहिलं नाव ॲमस्टरडॅम. किकबॉक्सिंग हे नाव 1960 च्या दशकातलं, जपानमधलं. पुढे काही डच मंडळी ती विद्या तिथून शिकून आली आणि 1978 साली ॲमस्टरडॅममध्ये मेजिरो जिम निघालं. हातांची सरबत्ती करायची आणि शेवटी मांडीवर लाथ घालायची, ही त्यांची पद्धत. सरावातही ही माणसं दयामाया दाखवत नाहीत अशी ख्याती. शिवाय डच माणूस म्हणजे जगातला सर्वांत उंच प्राणी. मी पाच फूट चार इंच. त्याची मांडी जिथं असते तिथं माझी बरगडी येते. रिजेक्टेड.

उरलं थायलंड. तिथली मुए थाय म्हणजे किकबॉक्सिंगची थोरली बहीण. हिला ठोसे आणि लाथा पुरत नाहीत, कोपर आणि गुडघेही लागतात. फुकेत बेटावर चालोंग भागात एक गल्ली आहे, सोई ता-इएड नावाची. तिथं आखाड्याला लागून आखाडा, मध्ये ज्यूसवाला, पलीकडे मालिशवाला, जगभरची पोरं-पोरी उघड्यावागड्या हिंडताहेत. फोटो बघून मला ताथवड्याचीच आठवण झाली. फक्त झेरॉक्स तेवढं नव्हतं. पण तिथं मे ते ऑक्टोबर पाऊस. चियांग मायला डोंगर आहेत, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, त्याचा धूर. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर धरायचा.

दिनक्रम वाचला आणि पेन खाली ठेवलं. भल्या पहाटे धावणं, मग दोरीवरच्या उड्या, मग बॅग, मग पॅड. दुपारी विश्रांती आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यातून सहा दिवस. रविवारी सुट्टी, बहुधा प्रेतं मोजायला. त्यात प्रवासविम्याचा कागद भिंग लावून वाचला. मारामारीच्या खेळात झालेली इजा त्यात बसत नव्हती. हरवलेली बॅग मात्र बसत होती.

माझं आजोळ कराडकडचं. तिथं खाशाबा जाधवांची गोष्ट ऐकल्याशिवाय पोरांना जेवण जायचं नाही. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. ही गोष्ट मी उत्साहात घरी सांगितली, तर हिनं दुसऱ्याच दिवशी फ्लॅटची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली.

पण मला त्या गोष्टीतलं हेलसिंकी नव्हे, त्याआधीचं 1948 चं लंडन आठवत राहिलं. लाल मातीत वाढलेले खाशाबा तिथं गादीवर उभे राहिले. पायाखालचं परकं, नियम परके. तरी सहावे आले. ते खाशाबा होते. मला तर ताथवड्यातल्या स्वतःच्या मॅटवरही पाय कुठं ठेवावा ते कळत नाही. आणि माझ्या तक्त्यात रकाने कसले? 'किती चॅम्पियन घडवले', 'किती बॅगा टांगल्या', 'एसी आहे का'. चॅम्पियन घडवणारा माणूस माझ्यासमोर पॅड धरून उभा राहणार होता थोडाच! त्यानं राहिलं तरी तो मनात जेवणाचा विचार करणार. चाकणला मी असा एकही व्हेंडर पास केला नसता. आधी विचारलं असतं, आमचा हा वेडावाकडा पीस दिला तर त्याचं काय करशील?

मग तक्ता फाडला आणि अकरा ठिकाणी एकच मजकूर पाठवला: 'वय 53, अनुभव आठ महिने, एक गुडघा दुखरा. माझं काय कराल?'

सहा जणांनी दरपत्रक पाठवलं. तिघांनी दरपत्रक आणि सवलत पाठवली. एकानं लिहिलं की आमच्याकडे येऊन लोक आयुष्य बदलून जातात. मला नुसती लाथ बदलायची होती. अकरावं उत्तर चियांग मायच्या एका लहानशा आखाड्यातून चार दिवसांनी आलं. इंग्रजी आमच्या गुरुजींइतकंच. 'कुठला गुडघा? डावा की उजवा? पहिला आठवडा फक्त सकाळी या. दुपारी झोपा. लढत नाही. आधी पाय बघू. महिना नको, दोन आठवडे ठीक.'

धंदा निम्म्यानं कमी करून मागणारा व्हेंडर मी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी फोन हिच्यापुढे धरला. हिनं हात पुसले, चष्मा लावला, ते चार ओळींचं उत्तर दोनदा वाचलं.

"उजवा म्हणून कळवा," ती म्हणाली. "आणि कंबरेचंही लिहा. लपवू नका."