अकोल्याचे ऊन आणि लॅमिंग्टन रोड

मुंबईला जाणारा वऱ्हाडी माणूस साधारणपणे तीन गोष्टी पाहून येतो : समुद्र, राणीचा बाग, आणि ज्या नातलगाकडे उतरला त्याचा चेहरा. गेल्या मे महिन्यात मी गेलो तो भाचीच्या लग्नाला. पण आहेराच्या पाकिटाशेजारी माझ्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. टायफॉइडच्या रोग्याच्या उशाशी लावतात तसा तो तापाचा तक्ता होता, आणि रोगी होता माझा घरचा संगणक!

अकोल्याचा उन्हाळा ज्याने सोसला नाही त्याला मी काय सांगू? ४५ अंश म्हणजे आमच्याकडे सालाबादचे. अशा एका दुपारी संगणक आधी मंदावला, मग त्याचा पंखा विमानासारखा घरघरू लागला आणि शेवटी पडदा काळा झाला. वऱ्हाडी शब्दांचा अकरा वर्षांचा माझा संग्रह त्याच्या पोटात आणि दुसरी प्रत कुठेही नाही! मराठीचा प्राध्यापक इतरांना सावधपणाच्या म्हणी शिकवतो. स्वतः मात्र त्यांचा उपयोग करीत नाही.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने कागदावरचे आकडे पाहून निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे घ्या. वीस हजार धरा." वीस हजारांचा आकडा ऐकून माझाच ताप चढला. पण मुंबईला जायचेच होते, तेव्हा तिथे स्वस्तात मिळेल ते पाहावे असे ठरवून मी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो.

सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठले. स्टेशनाच्या पूर्वेला थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. पाटीवर आज 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असे आहे. लोकांच्या तोंडून मात्र लाटसाहेब काही उतरायला तयार नाहीत. एके काळी हा रस्ता सिनेमाचा. इथल्या 'मिनर्व्हा'त १९७५ साली 'शोले' लागला, तो पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. आता 'मिनर्व्हा' राहिले नाही. रस्ता उरला तो तारा, पंखे, बोर्ड आणि खोक्यांचा. भाजीच्या टोपल्यांत वांगी रचावीत तसे इथे संगणकाचे अवयव रचलेले. हमाल डोक्यावर खोकी घेऊन "बाजू, बाजू" म्हणत जातात आणि आपण बाजूला व्हावे तर दुसऱ्याच दुकानात शिरतो!

मी असाच एका अरुंद दुकानात शिरलो. गल्ल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी बोर्ड मागितला. त्यांनी आधी कागद मागितला.

"मदरबोर्ड ५८, प्रोसेसर ८२. खोलीत किती होतं?"

"चाळीसच्या आसपास."

"मग साहेब, पंखा काही गारवा तयार करत नाही. आतली उष्णता बाहेर ढकलतो, एवढंच. खोली चाळीस असेल तर आत चाळीसच्या खाली काही उतरणार नाही. पण ५८ म्हणजे खोलीपेक्षा अठरा जास्त. ही वाफ कोंडते कुठे? डबा ठेवलाय कुठे?"

मी सांगितले. आमचे अण्णा शाळेत हस्तव्यवसायाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर जुन्या वाड्याच्या सागवानी दारांतून त्यांनी माझ्यासाठी संगणकाचे टेबल केले. वऱ्हाडातली धूळ आत जाऊ नये म्हणून डबा ठेवायचा कप्पा सर्व बाजूंनी बंद आणि पुढे झडप. इतके नेटके काम, की येणारा पाहुणा आधी झडपेवरून हात फिरवी.

गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "घरी फोन लावा. डबा बाहेर काढायला सांगा, बाजूचा पत्रा उघडा, अर्धा तास चालू ठेवा. तोवर चहा घेऊ."

मुलीने फोन घेतला. डबा ओढला तो अण्णांनी. दोन चहा झाले. अर्ध्या तासाने मुलीने वाचून दाखवले, "मदरबोर्ड ४५, प्रोसेसर ६९."

"बघा," गृहस्थ बोटे मोजत म्हणाले. "बोर्ड तेरा अंश उतरला, म्हणजे तो मेलेला नाही, गुदमरलेला होता. पण बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर आधीही चोवीस, आताही चोवीस! हा दुसरा आजार."

मग त्यांनी तो समजावला. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा असतो. तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत, पण त्यांत बारीक खळगे असतात आणि खळग्यांत हवा अडकते. हवा उष्णतेला वाट देत नाही. म्हणून मध्ये लेपाचा पातळ थर द्यायचा. वर्षांनी तो वाळतो. पात्यांमध्ये धूळ बसते. ठोकळ्याच्या चार पायांपैकी एखादा खाचेतून सुटला तरी तेच. प्रोसेसर शंभराच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरी भागले नाही की बंद पडतो. "तो बिघडला नाही साहेब, जीव वाचवत होता."

"लेप किती लावू?"

"वाटाण्याएवढा. पोळीला तूप लावल्यासारखा चोपडू नका."

त्यांनी मला बोर्ड विकला नाही. लेपाची एक नळी दिली आणि शब्दांची प्रत ठेवायला एक डिस्क घ्यायला लावली. वीस हजारांचे गिऱ्हाईक असे हसत परत पाठवणारा दुकानदार मी त्याआधी पाहिला नव्हता.

लग्न पार पडले. परतीच्या गाडीत मात्र झोप लागेना. टेबलाचे अण्णांना सांगायचे कसे? सोळा दिवस खपून केलेले काम, तेही पंचाहत्तरीत. त्याने माझा संगणक गुदमरत होता हे कोणत्या तोंडाने सांगू? भुसावळ येईपर्यंत मी चार प्रस्तावना जुळवल्या.

त्यांतली एकही लागली नाही. घरात पाऊल टाकले तो भुशाचा वास आला. अण्णांनी कप्प्याची मागची फळी चौकोनी कापली होती, झडप बिजागऱ्यांसकट उतरवली होती आणि मागच्या चौकोनाला जुन्या दुधाच्या कपाटाची जाळी ठोकीत बसले होते.

"फोनवर आकडे ऐकले मी," ते वर न पाहताच म्हणाले. "वाड्यात आपण झरोके ठेवत होतो. इथंच कसं विसरलो?"

"धूळ येईल, अण्णा."

"येऊ दे. धूळ पुसता येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ठोकळा उतरवला. पात्यांत धुळीची गादी बसली होती, वाळलेला लेप खडूसारखा भुगा होऊन पडला आणि एक पाय खरेच अर्धवट सुटलेला निघाला. सगळे साफ करून नवा लेप दिला. खोलीत ४० असताना बोर्ड ४६ आणि प्रोसेसर ५५. संग्रहाची पहिली प्रत त्याच रात्री डिस्कवर उतरली.

आता दिवाळीची साफसफाई चालू आहे. संगणक पुसायला म्हणून काल मी कप्प्यापाशी बसलो, तर जाळी लखलखीत! अण्णांच्या हत्यारांच्या पेटीवर रंगकामाचा एक रुंद ब्रश वाळत पडला होता.